सँडर चार झाले, जिलब्या तशाच

पॉलिशचा तिसरा हात सुकला की त्या दिसतात. त्याआधी नाही. कच्च्या लाकडावर तळवा फिरवला तर लोण्यासारखं लागतं. स्टेन, म्हणजे लाकडाला द्यायचा पातळ रंग, दिल्यावर वाटतं, असेल लाकडाचीच नक्षी. सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप, मारला की शंकेची पाल चुकचुकते. आणि वरचा हात चढवून टेबल उन्हात नेलं की टॉपभर बारीक वेटोळी उठलेली असतात, जणू रात्री कुणीतरी टाचणीनं जिलब्या पाडून गेलंय. लाकूड घासताना पडणाऱ्या या गोल ओरखड्यांना आमच्या वर्कशॉपमध्ये जिलब्याच म्हणतात.

घरी हौसेनं फर्निचर करणारे असोत, दारं-खिडक्यांची कामं घेणारे असोत, ही तक्रार सांगून झाली की सगळ्यांचं पुढचं वाक्य एकच असतं: "मग कुठला सँडर घेऊ?" सँडर म्हणजे पॉलिश पेपरनं लाकूड घासायचं यंत्र. मीही हेच विचारायचो, आणि दरवेळी नवा घ्यायचो. ग्राइंडरला रबरी पॅड लावून सुरुवात केली, मग चौकोनी ऑर्बिटल, मग बेल्ट, मग रँडम ऑर्बिटल. चार यंत्रं झाली. ओरखडे गेले नाहीत, त्यांचा आकार तेवढा बदलत गेला. आमच्या अण्णांनी जन्मभर रंधा, पटाशी आणि खरवडायला फुटक्या काचेचा तुकडा एवढ्यावर काम काढलं. ते एकदा माझ्या टॉपवर तिरपं बघत म्हणाले, "तुझ्या प्रत्येक मशीनची सही वेगळी आहे रे." चेष्टेनंच म्हणाले होते, पण सगळ्या भानगडीचं मूळ मला तिथं सापडलं.

ओरखड्याच्या आकारावरून तो कोणत्या यंत्रानं आणि कोणत्या चुकीनं पाडला हे सांगता येतं. ते कळलं की कोणता सँडर घ्यायचा हे बरंचसं ठरतं. पुष्कळदा असंही ठरतं की नवा घ्यायचाच नाही, आहे तोच नीट वापरायचा.

आधी ओरखडा वाचा

दिवे बंद करा. मोबाईलचा टॉर्च टॉपच्या कडेला, जवळजवळ लाकडाला टेकवून आडवा धरा. वरून पडणारा ट्यूबलाइटचा उजेड सगळं झाकून टाकतो. आडव्या उजेडात ओरखड्याची सावली पडते. लाकूड अजून कच्चं असेल तर फडक्यावर थिनर किंवा स्पिरिट घेऊन एकदा पुसा. ओलं असेपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात पॉलिश झाल्यावर काय दिसणार आहे ते लाकूड आधीच दाखवतं. पाण्यानंही दिसतं, पण पाण्यानं लाकडाचे तंतू उभे राहतात आणि परत पॉलिश पेपर मारावा लागतो.

आता काय दिसतंय ते बघा. बांगडीच्या तुकड्यासारख्या मोठ्या कमानी असतील तर ते ग्राइंडरचं काम. साखळीसारखी, सगळी एकाच मापाची बारीक कडी दिसत असतील तर चौकोनी ऑर्बिटल. बाकी टॉप स्वच्छ आणि मधेच कुठेतरी एखादी खोल, सुटी, शेपटीवाली जिलबी असेल तर रँडम ऑर्बिटलखाली काहीतरी अडकलं होतं. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं सरळ चरे आणि हाताला लागणारा एखादा खळगा असेल तर बेल्ट. आणि ओरखडा नाहीच, पण प्लायवर कॉफी सांडल्यासारखा डाग असेल, तर व्हीनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, घासून संपलं. त्यावर औषध नाही. त्याचं दुःख पुढे सांगतो.

ग्राइंडर

आपल्याकडे प्रत्येक सुताराकडे चार इंची ग्राइंडर असतोच, म्हणून सँडिंगची सुरुवातही बहुतेकांची त्याच्यावर होते. रबरी पॅड, त्यावर गोल पेपर, झालं. पण हे यंत्र मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतं. १०० मिलिमीटरच्या चकतीची कड त्या वेगात ताशी २०० किलोमीटरच्या वर पळत असते, आणि ती फक्त गोल फिरते. पेपरवरचा प्रत्येक कण लाकडाच्या रेषेला आडवा छेद देत जातो. वर सगळा भार चकतीच्या एका कडेवर येतो, कारण चकती पूर्ण सपाट टेकवली तर यंत्र हातातून पळतं. म्हणजे कमानी पडणारच. तुमचा हात कितीही सराईत असू दे.

सागवानावर आणखी एक होतं: लाकूड तापून काळं पडतं. सागवान तेलकट, त्यात सिलिकाही असते, त्यामुळे पेपर लवकर बोथट होतो. आणि बोथट पेपर कापत नाही, नुसता तापवतो.

ग्राइंडर ओंडक्याची साल काढायला, खुर्चीच्या बैठकीला खोलगट आकार द्यायला, जुन्या लोखंडी जाळीचा गंज काढायला ठेवा. ज्या पृष्ठभागावर पॉलिश होणार, तिथून त्याला हद्दपार करा.

बेल्ट सँडर

बेल्ट सँडरमध्ये पेपरचा अखंड पट्टा दोन रुळांवर पळतो. हातात धरायचा बेल्ट सँडर पोर्टर-केबल या अमेरिकन कंपनीनं १९२६ साली आणला. म्हणजे हे कुळ शंभर वर्षांचं, आणि स्वभाव अजून तोच: पुढं पळायचं आणि खायचं. ७५ मिलिमीटर रुंद, ५३३ मिलिमीटर लांब पट्टा हे आपल्याकडे सहज मिळणारं एक माप. ८० नंबरचा पट्टा (नंबर जितका लहान, तितका पेपरवरचा कण जाड) लावला तर चार फळ्या जोडून केलेल्या टॉपमधली एखाद-दोन मिलिमीटरची चढउतार तो बघता बघता सपाट करतो. हे काम दुसरा कुठलाही हातसँडर एवढ्या वेळात करत नाही.

त्याचे ओरखडे सरळ असतात. लाकडाच्या रेषेबरोबर चाललात तर ते रेषेतच लपतात, म्हणून जिलब्यांचा दोष त्याच्याकडे नसतो. त्याचा दोष खळग्याचा. सुरुवात करताना नाक आधी टेकलं, मधे फोन वाजला म्हणून हात थांबला, टॉपच्या टोकाला गेल्यावर पुढचा भाग खाली झुकला, की तिथं बशीसारखा खड्डा. तो कच्च्या लाकडावर दिसत नाही. पॉलिश झाल्यावर खिडकीचं प्रतिबिंब तिथं वाकडं होतं.

माझी पद्धत अशी. यंत्र आधी सुरू करायचं, मग मागची बाजू टेकवत विमान उतरवल्यासारखं खाली आणायचं आणि टेकल्या क्षणापासून हलतं ठेवायचं. उचलतानाही चालू असतानाच उचलायचं. दाबायचं नाही, त्याचं स्वतःचं वजन पुरतं. सपाटीसाठी आधी रेषेला ४५ अंशात तिरपं दोन्ही बाजूंनी, मग रेषेच्या दिशेनं. पट्ट्याच्या आत बाण छापलेला असेल तर पट्टा त्याच दिशेनं फिरेल असा चढवायचा, नाहीतर जोड उखडतो. आणि मागच्या वर्षीच्या पावसाळ्यातून राहिलेला पट्टा असेल तर तो जोड आधी वाकवून बघा. दमट हवेत गोंद कमजोर होतो आणि पट्टा फटाक्यासारखा तुटतो. माझा तुटलाय. मनगटावर वळ उठला होता.

व्हीनियरवर बेल्ट कधीच नाही. आणि ज्याला टॉप सपाट करायचेच नाहीत, तयार फळी किंवा प्लायवरच काम आहे, त्यानं बेल्ट सँडर घेऊच नये. तो फार मोहात पाडणारा प्राणी आहे.

चौकोनी ऑर्बिटल

याला लोक "जुनं मशीन" म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. याचं पॅड गोल फिरत नाही. जागच्या जागी दोन-अडीच मिलिमीटरच्या बारीक वर्तुळात थरथरतं. त्यामुळे प्रत्येक कण तेच वर्तुळ पुन्हा पुन्हा गिरवतो. हात पुढे सरकला की त्या वर्तुळांची साखळी होते. एकसारखी कडी दिसतात ती अशी.

पण ही कडी उथळ असतात. शेवटी ठोकळ्याला पेपर गुंडाळून रेषेच्या दिशेनं हातानं दहा-बारा हात मारले की जातात. बदल्यात दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे पॅड चौकोनी असल्यानं ड्रॉवरच्या आत, दाराच्या पॅनेलच्या कोपऱ्यापर्यंत ते पोचतं. दुसरं म्हणजे पेपर. बाजारातला साधा २३० बाय २८० मिलिमीटरचा कागद चार तुकड्यांत फाडला की ११५ बाय १४० चे चार पेपर होतात. वेल्क्रोच्या गोल पेपरापुढे हा खर्च काहीच नाही, आणि तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात हा कागद मिळतो.

याचा नेहमीचा बिघाड म्हणजे चिमट्यात पेपर ढिला बसणे. ढिला पेपर पॅडखाली सुरकुततो आणि सुरकुतीची कड लाकूड ओरबाडते. पेपर चढवण्याआधी टेबलाच्या कडेवरून मागच्या बाजूनं एकदा ओढून मऊ करा, मग ताणून लावा.

जिलबीचं खरं घर: रँडम ऑर्बिटल

हा चौथा. याच्या खोक्यावरच लिहिलेलं असतं की ओरखडे दिसणार नाहीत. तरी जिलब्यांच्या सर्वात जास्त तक्रारी याच्याच येतात, म्हणून इथं जरा थांबतो.

यात दोन हालचाली एकत्र असतात. पॅड बारीक वर्तुळात थरथरतं, अडीच-तीन मिलिमीटरच्या, आणि त्याच वेळी बेअरिंगवर मोकळं असल्यानं स्वतःभोवती सावकाश फिरतंही. दोन्ही मिळून एकही कण तीच वाट पुन्हा गिरवत नाही. ओरखडे पडतात, पण इतके विस्कळीत की डोळ्याला एकही आकार सापडत नाही. यंत्राचा सगळा डाव या स्वतःभोवतीच्या सावकाश फिरण्यावर आहे. ते थांबलं, की तुमचा महागाचा रँडम ऑर्बिटल म्हणजे गोल पॅडचा चौकोनी ऑर्बिटल झाला. ते फार वाढलं, की तो ग्राइंडर झाला.

हे तपासायला पॅडच्या कडेवर काळ्या मार्करनं एक उभी रेघ ओढा. यंत्र लाकडावर ठेवून चालवा. रेघ सावकाश फिरताना दिसली पाहिजे. जागच्या जागी थरथरत उभी राहिली तर तुम्ही दाबताय. माझं निम्मं दुखणं हेच निघालं. रंधा मारणाऱ्या घरातला माणूस, लाकडावर अंगाचा भार टाकायची सवय रक्तातच. इथं हाताचं वजन ठेवायचं, जोर नाही. काम होत नसेल तर पेपर बदला, जोर वाढवू नका.

आता यंत्र सुरू ठेवूनच लाकडावरून उचला. पॅड भोवऱ्यासारखं सुसाट सुटलं तर त्याचा ब्रेक गेलाय. बहुतेक यंत्रांत पॅडच्या वरच्या अंगाला घासणारं एक रबरी कडं असतं. हवेत असताना पॅडला वेग घेऊ न देणं हे त्याचं काम. ते झिजलं की पुढच्या वेळी सुसाट पॅड लाकडावर टेकताना पहिल्या टेकीतच खोल कमान पडते. हे कडं सुटं मिळतं आणि स्वस्त असतं, पण ते बदलायचं असतं हेच माहीत नसल्यानं लोक अख्खं यंत्र विकून टाकतात. मी विकलंय. ज्यानं घेतलं त्यानं कडं बदललं आणि अजून वापरतोय, भेटला की हसतो. कडं येईपर्यंतचा उपाय असा: यंत्र लाकडावर टेकवून मग सुरू करायचं, आणि उचलून बंद करायचं. सुरुवात बेल्टच्या नेमकी उलट. दोन्ही यंत्रं आलटून पालटून वापरणाऱ्याचा गोंधळ होतो, कारण हाताला एकच सवय लागलेली असते.

तिसरं कारण अडकलेला कण. सुटी, खोल, शेपटीवाली जिलबी दिसली की तिथं पेपरखाली काहीतरी घरंगळत होतं असं समजा. ते कुठून आलं? बहुतेक वेळा तुमच्याच आधीच्या पेपरमधून. ८० नंबर मारताना त्याचे कण सुटून लाकडाच्या छिद्रांत बसतात. तसाच वर १२० लावला की ते कण नव्या पेपरखाली येतात आणि १२० च्या कामात ८० चे ओरखडे काढतात. म्हणून नंबर बदलताना दरवेळी टॉप ब्रशनं झाडायचा, व्हॅक्यूम असेल तर ओढून घ्यायचा, पेपरही झटकायचा. नुसती फुंकर मारून भागत नाही. आमच्याकडे आणखी एक चोर सापडला. सगळे गोल पेपर एकाच बिस्किटाच्या डब्यात ठेवलेले होते, ६० ची कड २२० च्या पाठीला. २२० च्या वेल्क्रोत ६० चे कण. आता प्रत्येक नंबरचा वेगळा डबा आहे, आणि चालू पेपर तोंडाघशी जमिनीवर ठेवणाऱ्यानं त्या दिवशीचा चहा पाजायचा असा नियम आहे.

भुशाची गुठळीही तेच करते. सागवानाची तेलकट बुकणी, नीट न सुकलेला सीलर, लांबी (पुट्टी), यांच्या गोळ्या पेपरवर चिकटून टणक होतात. मधे मधे पेपर उलटा करून बघा. चकचकीत टिपके दिसले तर क्रेप रबराच्या तुकड्यानं घासून काढा. ते निघत नसतील तर पेपर फेका. पेपरची भोकं पॅडच्या भोकांवर नेमकी बसली आहेत ना तेही बघा. आठ भोकांच्या पॅडवर पाच भोकांचा पेपर लावला की भुसा ओढला जाणं अर्ध्यावर येतं, आणि न ओढलेला भुसा खालीच लाटला जातो.

शेवटचं कारण घाईचं. १२ हजारांच्या वेगाला पॅड सेकंदाला २०० वर्तुळं काढतं. हात सेकंदाला अडीच सेंटिमीटर सरकवलात तर प्रत्येक सेंटिमीटरवर ८० वर्तुळं पडतात, एकमेकांत मिसळून जातात. फरशी पुसल्यासारखा सेकंदाला २५ सेंटिमीटर हात फिरवलात तर सेंटिमीटरला ८ च. ती सुटी सुटी दिसणारच. अडीच सेंटिमीटर म्हणजे किती सावकाश, तर सहा फुटांच्या टेबलावर एक पट्टी पार करायला सव्वा मिनिट. करून बघा, जीव जातो. पण तिथं यंत्र काम करत असतं, तुम्ही नाही.

नंबरांची उडी

पेपरच्या नंबरांत गाळलेली पायरी हे एक कारण असं आहे की ते कुठल्याही यंत्रानं लपत नाही. मागे 'पी' (युरोपीय मोजपट्टी) छापलेल्या पेपरमध्ये ८० चा कण साधारण २०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), १२० चा १२५, १८० चा ८२, २२० चा ६८. म्हणजे ८० वरून थेट २२० वर उडी मारली की २२० चा बारीक कण ८० च्या चरीच्या तळापर्यंत पोचायला दिवस लागेल. वरचे काठ तेवढे गुळगुळीत होतात, म्हणून तळव्याला लोणी लागतं. आणि स्टेन मात्र चरीत जाऊन बसतो. तळवा फसतो, स्टेन फसत नाही. ८०, १२०, १८०, मग लागला तर २२०, असं पायरी-पायरीनं उतरा.

पायरी पूर्ण झाली की नाही हे कसं कळणार? टॉपवर पेन्सिलीनं नागमोडी रेघा ओढा आणि त्या पूर्ण जाईपर्यंत चालवा. ८० ला एकदा, १२० ला एकदा. पोरखेळ वाटतो, पण यामुळे सावकाश जाणंही आपोआप होतं.

एक लक्षात ठेवा: 'पी' असलेला आणि नसलेला पेपर मिसळू नका. १८० पर्यंत फारसा फरक नाही, पण पुढे दोन्ही मोजपट्ट्या फाटतात. पी ४०० चा कण ३५ मायक्रॉनच्या आसपास, तर अमेरिकन मोजपट्टीच्या साध्या ४०० चा सुमारे २३. सीलरवर मारताना आज हा, उद्या तो, असं केलं तर एका दाराची दोन पाखं दोन झळाळींची होतात.

व्हीनियरचं दुःख

एका गिऱ्हाइकाचं कपाट होतं. सागवानी व्हीनियर, छान उभ्या रेषा. शटरच्या कडेला फेव्हिकॉलचा एक सुकलेला थेंब. मी रँडम ऑर्बिटलला १२० लावला आणि थेंबावर ठेवला. मोजून दहा सेकंद. थेंब गेला, त्याच्या खालचं व्हीनियरही गेलं आणि खालून गोंदाचा तपकिरी थर वर आला. शटर स्वतःच्या खर्चानं नवं द्यावं लागलं.

शोभेच्या व्हीनियरचा वरचा थर अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो, आणि कारखान्यातून येताना तो घासूनच आलेला असतो. तुम्हाला तिथं काही सपाट करायचं नसतंच. १८० किंवा २२० चा पेपर, ठोकळा, हात. यंत्र वापरायचंच तर चौकोनी ऑर्बिटल, सपाट पॅड, आणि कडेपासून बोटभर आत थांबायचं. रँडम ऑर्बिटलचं पॅड मऊ असतं, ते कडेवर खाली वाकतं आणि कड आधी खातं. गोंद किंवा मेण पडलं असेल तर ते धारदार पटाशी आडवी धरून उचलायचं, घासायचं नाही.

हवा, वीज आणि कॉम्प्रेसर

जुलै-ऑगस्टमध्ये जिलब्या वाढतात, हे मी दोन-तीन वर्षं बघितलं आणि आधी भ्रम समजलो. भ्रम नव्हता. दमट लाकडाचे तंतू कापले न जाता दबतात, पेपर लवकर भरतो, आणि कागदी पाठीचा पेपर ओल धरून कडेला वळतो. वळलेली कड म्हणजे नांगराचा फाळ. पेपर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि टॉप सपाट करून झाल्यावर दोन दिवस वर्कशॉपमध्येच राहू द्या, मग शेवटचे नंबर मारा.

व्होल्टेजचंही तसंच. शेतीपंप सुरू झाले की आमच्याकडे दाब पडतो, आणि त्यात कुणीतरी ३० मीटर बारीक वायर ओढून पुढं नेलेली असते. यंत्राचा आवाज जड येतो, फेरे कमी पडतात, आणि माणूस नकळत दाबायला लागतो. जाड वायर घ्या. आवाज जड आला तर चहा घ्या.

गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडचा हवेवरचा सँडर बघून बरेच जण भुलतात. यंत्र हलकं, सुरेख, तापत नाही. पण ते अखंड हवा पितं. टायरमध्ये हवा भरायच्या २४ लिटरच्या कॉम्प्रेसरवर ते मिनिटभर चालतं आणि मरतं. मोठा कॉम्प्रेसर आधीपासून असेल तरच त्याचा विचार करा.

धूळ

सँडरची पिशवी मोठा भुसा धरते, बारीक पीठ नाही. आणि नाकात जाणारं तेच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ च्या अहवालात लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. मुख्यतः नाकाचा आणि सायनसचा. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावा आणि यंत्राला व्हॅक्यूम जोडा. त्यानं जिलब्याही कमी होतात, म्हणजे एका पैशात दोन कामं. वाड्याची जुनी रंगवलेली दारं तर कोरडी घासूच नका. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. तो रंग रिमूव्हरनं ओलाच खरवडून काढा, पोरांना लांब ठेवा.

तर मग कुठला घेऊ?

एकच घ्यायचा असेल आणि टेबलं, फळ्या, बाक असं काम असेल तर १२५ मिलिमीटरचा, वेग कमी-जास्त करता येणारा रँडम ऑर्बिटल. घेताना दुकानात रबरी कडं आणि पॅड सुटं मिळतं का ते विचारा; नाही म्हणाला तर दुसरी कंपनी बघा. व्हीनियर, कपाटं, दारं जास्त असतील तर चौकोनी ऑर्बिटल, आणि त्याची लाज बाळगू नका. फळ्या जोडून टॉप करत असाल तर या दोहोंपैकी एकाच्या जोडीला बेल्ट. त्रिकोणी पॅडचा छोटा सँडर कोपऱ्यांसाठी मिळतो. वर्षातून चार वेळा लागतो, तेवढ्यासाठी घडी घातलेला पेपर आणि बोट पुरतं.

आमच्याकडे जिलब्या बंद झाल्या त्या पाचवं यंत्र आणून नाही. काढायचं काम एका यंत्राला आणि मिटवायचं दुसऱ्याला, अशी वाटणी केल्यावर झाल्या. मी रँडम ऑर्बिटलकडून टॉप सपाट करून घेत होतो, म्हणून दाबत होतो, म्हणून ते फिरत नव्हतं. आता सपाटी बेल्टची किंवा रंध्याची. रँडम ऑर्बिटल १२० पासून पुढे. आणि शेवटचा १८० ठोकळ्यावर, हातानं, रेषेच्या दिशेनं. टेबलाला वीस मिनिटं जास्त जातात.

झालेलं टेबल कसं वाचवायचं

वरचा हात चढून गेल्यावर जिलबी दिसली तर तिच्यावर आणखी हात चढवू नका. लेप जितका जाड तितकी ती भिंगाखाली धरल्यासारखी दिसते. खाली स्टेन नसेल, जिलबी एक-दोनच असतील आणि लाखेचं पॉलिश असेल तर स्पिरिटनं तेवढी जागा उघडी करा, काचेच्या ताज्या फुटलेल्या कडेनं रेषेच्या दिशेनं अगदी हलकं खरवडा (हातमोजा घालून), मग १८० हातानं, आणि लाखेचे दोन-तीन हात पुन्हा. लाख लाखेत विरघळते, सांधा दिसत नाही.

मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश असेल तर हे जमत नाही. नवा लेप जुन्यात मिसळत नाही आणि कडेचं वर्तुळ राहतं. खाली स्टेन असेल तर ठिगळही रंगानं वेगळं दिसतं. तेव्हा अख्ख्या टॉपचा नाद सोडून जिलबी ज्या फळीत आहे तेवढी एकच फळी, जोडापासून जोडापर्यंत, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून लाकडापर्यंत उतरवायची. १२०, झाडणी, १८०, झाडणी, ठोकळा. मग दिवे बंद, टॉर्च आडवा, थिनरचं फडकं. जिलबी गेलेली दिसली तरच स्टेनचा डबा उघडायचा. जोडाच्या रेषेवर रंगातला फरक डोळ्याला खुपत नाही, कारण दोन फळ्यांचा रंग तसाही कधी एक नसतो.